मेंढीनं समजावलेलं पीसीओएस

बकरी ईदच्या आधीचा शुक्रवार. ऑफिसातल्या सौदी मित्राबरोबर रियाधमधल्या अजिजियाच्या जनावरांच्या बाजारात गेलो होतो. काळ्या अंगाचे, पांढऱ्या तोंडाचे उंचपुरे नजदी मेंढे, शेजारी तांबूस डोक्याचे नईमी. मी मूळचा फलटणचा, धनगरांची मेंढरं बघतच वाढलो. तरी ही उंची बघून थक्क झालो.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. “दादा, परत सोनोग्राफी झाली. पीसीओएसच आहे. आणि काकू म्हणतात, बाहेरचं खाऊन ओढवून घेतलंस.” आवाज रडवेला होता.

रात्री झोप येईना. आम्ही कॉम्प्युटरवाले, बग दिसला की मुळाशी जायची खोड. वाचता वाचता पुन्हा मेंढीपाशीच पोचलो!

मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. कोकरू नर की मादी, हे बापाकडून आलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. नर असेल तर पहिल्या महिन्याच्या सुमारास त्याची वृषणं तयार होऊ लागतात आणि लवकरच टेस्टोस्टेरॉन स्रवू लागतं. त्यातून नराचे अवयव घडतात. हे संप्रेरक मिळालंच नाही, तर बाहेरचे अवयव मादीसारखे होतात.

मग मादी कोकराला पोटातच ते जास्त मिळालं तर? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात वसंता पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना गाभणपणाच्या ३० ते ९० दिवसांत टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं. जन्मलेल्या माद्यांचे बाह्य अवयव नरासारखे झाले. मोठेपणी त्यांचं माजावर येणं अनियमित झालं, बीजांडकोशात पुटिका वाढल्या, शरीर इन्शुलिनला नीट दाद देईना. पीसीओएसमध्ये दिसतं तसंच!

माणसातही हेच कारण आहे, असं सिद्ध झालेलं नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, वजन वाढलं की त्रासही वाढतो. म्हणून आहार, व्यायाम आणि डॉक्टरांचे उपचार हवेतच. पण काही गोष्टींची बीजं जन्माआधीच पडू शकतात, एवढं मेंढीनं दाखवलंय.

दुसऱ्या दिवशी काकूंना व्हिडिओ कॉल केला, सगळं सांगितलं. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पोरीला उगाच बोलले की रे मी. दे तिला फोन लावून.”

इतक्या लांबून मला एवढंच करता आलं. तुमच्याही घरी अशी एखादी पोर असेल, तर टोमणा मारण्याआधी तिला एक फोन करा.