बेने इस्राएल

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर, मुख्यत्वे रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात, अनेक शतके वस्ती करून राहिलेली मराठीभाषक ज्यू जमात. 'बेने इस्राएल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्राएलची मुले' असा आहे. धर्मगुरू, लिखित धर्मग्रंथ व प्रार्थनामंदिर यांपैकी काहीही जवळ नसताना या जमातीने आपले ज्यूपण प्रदीर्घ काळ टिकविले, हे तिच्या इतिहासाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. आरंभीच्या काळात हे कार्य घराघरांतील आचारांनी केले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते सिनॅगॉग व त्याभोवतीच्या जमातसंघटनेने पुढे चालविले.

जमातीच्या परंपरेनुसार तिचे पूर्वज पॅलेस्टाइनमधून निघालेल्या एका गलबतातून येत असता अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ ते गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जीव वाचले. किनाऱ्यास लागलेल्या मृतांचे दफन नवगाव येथे करण्यात आले, असे सांगतात. तेथील दफनभूमी जमात आजही पवित्र मानते. सामानसुमानाबरोबर धर्मग्रंथही समुद्रात बुडाले, असा या कथेचा एक महत्त्वाचा भाग आहे. ग्रंथांच्या अभावाचे कारण जमातीने त्यातूनच सांगितले आहे. या आगमनाचा काळ काही जण इ. स. पू. दुसरे शतक, तर काही इ. स. पाचवे-सहावे शतक मानतात. तथापि त्यास समकालीन लिखित पुरावा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिकीय अभ्यासात या जमातीत मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारांचा अंश आढळला असून हा संकर सु. १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असे अनुमान त्यात काढले आहे.

कोकणातील गावांत विखुरलेल्या या लोकांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पतकरला. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, त्यांचा घाणा बंद राही. त्यामुळे गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली 'सोमवार तेली' म्हणून ओळखले जात. शेजाऱ्यांनी या विश्रांतीचा अर्थ आपापल्या रूढींच्या चौकटीत लावला आणि तिचा आदर केला. भारतात ज्यूंचा धार्मिक छळ बहुधा झाला नाही. त्यामुळे या जमातीची चिकाटी छळाविरुद्धची नव्हती, तर विस्मरणाविरुद्धची होती, असे म्हणता येईल. ज्या गावी वस्ती केली, त्या गावाच्या नावास 'कर' हा प्रत्यय लावून त्यांनी आडनावे घेतली. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, अष्टमकर, राजपूरकर ही त्यांपैकी काही होत. भाषा, वेशभूषा व बरेचसे खाद्यपदार्थ आसपासच्या मराठी समाजाचेच राहिले.

ग्रंथांवाचून टिकलेल्या आचारांत आठव्या दिवशी मुलाची सुंता, शब्बाथ, खाद्याखाद्याचे नियम, काही सण व उपवास आणि 'शेमा' या एकेश्वरवादी प्रार्थनेचे पठण यांचा समावेश होतो. जन्म, विवाह, नवस व मृत्यू अशा सर्व प्रसंगी शेमाच म्हटली जाई. कारण दुसरी हिब्रू प्रार्थना जमातीस ठाऊक नव्हती. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, तरी सण राहिले व त्यांस मराठी नावे मिळाली. प्रायश्चित्ताच्या दिवसाला (योम किप्पुर) 'दरफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून घरातील माणसे कडकडीत उपवास करीत. दुसरा दिवस 'शिळा सण' म्हणून भेटीगाठी व दानधर्म यांत जाई. नववर्षास 'नवियाचा सण' हे नाव होते. 'खिरीच्या सणा'ला नव्या धान्याची नारळाच्या रसातील खीर करून शेमा म्हणत. वल्हांडणाचा (पेसाह) सण 'अनशी धाकाचा सण' या नावाने पाळला जाई. त्या काळात आंबवलेल्या पदार्थाचे भांडे झाकून ठेवीत. बेखमीर भाकरीची मूळ कथा स्मरणात नसतानाही आंबवलेले वर्ज्य करण्याचा नियम मात्र राहिला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन 'बिरड्याचा रोजा' या नावाने ओळखला जाई. या नावांत मराठी व इस्लामी अशा दोन्ही शब्दांचा आढळ होतो.

एलिया (एलियाहू हन्नाबी) या प्रेषिताविषयी जमातीस विशेष श्रद्धा आहे. नवस फेडताना किंवा मंगलकार्यात भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोबरे व फळे यांचा 'मलिदा' करून प्रार्थनेनंतर तो सर्वांना वाटतात. अलिबागजवळील खंडाळे परिसरातील एका खडकावर या प्रेषिताच्या रथाची खूण आहे, असे मानतात व तेथे नवस फेडण्यास लोक जातात. इतर ज्यूंमध्ये या स्वरूपात न आढळणारा हा विधी जमातीच्या एकत्र येण्याचे एक मोठे निमित्त ठरला आहे.

धार्मिक पुनर्जागृतीचे श्रेय परंपरा डेव्हिड राहाबी या कोचीनच्या ज्यूला देते. हे लोक खरोखर ज्यू आहेत की नाहीत, याची परीक्षा घेण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे विविध प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले असलेले धर्मसंमत मासे तेवढेच निवडले, अशी कथा आहे. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना हिब्रू शिकवून धर्मविधींचे काम सोपविले. त्यांच्या वंशजांस 'काझी' म्हणत. गावोगाव फिरून विधी चालविणे व तंटे मिटविणे हे त्यांचे काम होते. परंपरा राहाबीचा काळ बराच प्राचीन मानते. अनेक संशोधक मात्र ही व्यक्ती अठराव्या शतकातील असावी, असे मानतात.

अठराव्या शतकात अनेक बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात त्यांचा शिरकाव झाला व काहींनी एतद्देशीय अधिकाऱ्यांच्या वरच्या हुद्द्यांपर्यंत मजल मारली. कंपनीच्या सेवेतील सॅम्युएल एझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधण्याचा त्यांनी नवस केला होता, असे सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात 'शआर हारहमीम' (करुणेचे द्वार) हे जमातीचे पहिले सिनॅगॉग उभारले. ते १८६० मध्ये सध्याच्या जागी हलविण्यात आले. लोक त्यास 'जुनी मशीद' म्हणत. मस्जिद या रेल्वेस्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते.

सिनॅगॉगच्या स्थापनेने जमातीच्या जीवनाचे केंद्र घरातून सभेत आले. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष उपस्थित असावे लागतात. या संख्येस 'मिन्यान' म्हणतात. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचे जाहीर वाचन व मृतांसाठी म्हणावयाची 'कद्दिश' ही प्रार्थना दहा जण नसल्यास करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक पुरुषाची उपस्थिती ही केवळ त्याच्या श्रद्धेची बाब न राहता इतरांच्या धर्माचरणाची अट बनते. कोणी आप्त गमावलेला असेल, तर त्याचे दुःख धर्मविधीने व्यक्त होण्यासाठी आणखी नऊ जणांना आपले काम सोडून यावे लागते. सामूहिक जीवनाचा हा पाया सर्व ज्यूंना समान असला, तरी लहान व विखुरलेल्या जमातीत त्याचे ओझे आणि मोल दोन्ही अधिक जाणवतात.

प्रत्येक सिनॅगॉगच्या सभासदांची मिळून 'जमात' होत असे. मुकादम हा तिचा प्रमुख, चौगुला त्याचा साहाय्यक व खजिनदार हिशेब ठेवणारा असे. ही अधिकारनामे मराठी गावगाड्यातील आहेत. प्रार्थना चालविणाऱ्यास 'हज्जान' व देखभाल करणाऱ्यास 'शमाश' म्हणतात. सणाच्या दिवशी तोराची पेटी उघडणे, गुंडाळी उचलणे इ. मान लिलावात बोलून घेत. या रकमा, वर्गण्या व नवसाच्या देणग्या यांवर सिनॅगॉग, दफनभूमी व गरिबांचे साहाय्य यांचा खर्च चाले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल (१८४९), पेण व ठाणे (१८७९) येथे एकोणिसाव्या शतकात सिनॅगॉग बांधली गेली. नोकरीनिमित्त लोक जेथे गेले, तेथेही जमात उभी राहिली. कराची येथे १८९३ मध्ये, पुण्यात रास्ता पेठेत १९२१ मध्ये, अहमदाबादेत १९३४ मध्ये व दिल्लीत १९५६ मध्ये उभारलेली सिनॅगॉग याची साक्ष देतात. यांपैकी कराचीचे सिनॅगॉग १९८०–९० च्या दशकात पाडण्यात आले.

धर्मशिक्षणाची उणीव एकोणिसाव्या शतकात भरून निघाली. कोचीनचे शिक्षक, बगदादहून आलेले ज्यू व ख्रिस्ती मिशनरी यांच्याकडून जमात हिब्रू शिकली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. धर्मांतर हा मिशनऱ्यांचा हेतू होता; परंतु जमातीने त्यांच्याकडून शिक्षण घेतले व धर्म आपलाच ठेवला; धर्मांतराची उदाहरणे विरळाच घडली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८७४ मध्ये पुणे येथे वल्हांडणाच्या विधीचा 'हग्गादा' हा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधील कथांवर आधारित मराठी कीर्तने सुरू झाली. हिब्रू न जाणणाऱ्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांना पूर्वजांच्या कथा त्यांतून कळल्या. विसरलेला धर्म जमातीने अशा रीतीने पुन्हा मिळविला, तो मराठीच्या द्वारे.

हायीम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत जमातीसाठी शाळा स्थापन केली; पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला जमातीचा इतिहास त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये तेल आवीव्ह येथे प्रसिद्ध झाला. १९१३ मध्ये मुंबईत स्त्री मंडळ स्थापन झाले. १९१७ मध्ये जमातीची पहिली परिषद भरली. प्रसूतिशास्त्रज्ञ जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी धर्मसंस्था स्थापन केली. १९६६ मध्ये त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला. मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस व इंग्रजी कवी निसीम एझिकेल हेही याच जमातीचे.

या जीवनास उणी बाजूही होती. जमातीत 'गोरे' व 'काळे' असे दोन गट असून त्यांच्यात रोटीबेटीव्यवहार होत नसे. काळे हे मिश्रविवाहांची संतती समजले जात व काही धार्मिक मानांपासून त्यांस दूर ठेवीत. विसाव्या शतकात हा भेद क्षीण होत गेला. बगदादी ज्यूंपैकी काहींनी हाच संशय सबंध बेने इस्राएल जमातीविषयी घेतला व तिच्याशी विवाहसंबंध टाळले. स्वतःच्या घरात पाळलेला भेद जमातीस अशा रीतीने बाहेरून अनुभवावा लागला.

इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) स्थलांतर सुरू झाले. त्यावेळी जमातीची संख्या सु. वीस हजार होती. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी वधूवरांच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. शतकानुशतके शब्बाथ पाळलेल्या लोकांस हा अपमान वाटला. त्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले व १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेममध्ये ठिय्या दिला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाच्या सूचनांतून जमातीचा नामनिर्देश वगळण्यात आला. आज जमातीचे बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये राहतात. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इ. शहरांत त्यांची वस्ती आहे. त्यांनी तेथेही मलिद्याची प्रथा चालू ठेवली असून १९८०–९० च्या दशकात 'मायबोली' हे मराठी नियतकालिक सुरू केले.

२००१ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची मिळून संख्या पाच हजारांहून कमी भरली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई व ठाणे परिसरात होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. कोकणातील काही गावी आता ज्यू कुटुंबे मोजकीच उरली आहेत. तेथील सिनॅगॉगमध्ये सणासुदीची प्रार्थना व्हावयाची, तर मिन्यान पुरा करण्यासाठी मुंबई-ठाण्याहून माणसे यावी लागतात. पूर्वी जमातीजवळ माणसे होती, पण ग्रंथ नव्हते; आज ग्रंथ, वास्तू व दफनभूमी आहेत, पण माणसे थोडी आहेत. जमातीचे गावोगावचे भवितव्य म्हणूनच दहाव्या माणसाच्या येण्यावर अवलंबून आहे.