मन आणि भाषा, लेखांक ७ : ‘वेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रिया’ या वाक्याची तपासणी

मागील लेखांकात गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडलेला विचार पाहिला. हुशारी, जिद्द, विसराळूपणा हे शब्द शरीराच्या आत दडलेल्या कुठल्याशा अदृश्य वस्तूची नावे नसून माणूस कोणत्या प्रसंगी कसा वागेल हे सांगणारे शब्द आहेत, हा त्या विचाराचा गाभा होता आणि तो बऱ्याच अंशी पटण्याजोगाही आहे. परंतु ठणकणाऱ्या दाढेपाशी तो अडतो. ठणका ही वागण्याची प्रवृत्ती नव्हे. माणूस निमूट बसून राहिला आणि त्याने चेहऱ्यावर काहीही दिसू दिले नाही, तरी ठणका चालूच असतो, म्हणजे त्या क्षणी काहीतरी प्रत्यक्ष घडत असते. ते काय असते, हा या लेखांकाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधताना तत्त्वज्ञांना मेंदूइतकेच वाक्यांकडेही लक्ष द्यावे लागले आणि खरी प्रगती झाली ती त्यामुळेच.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात एकत्र काम केलेल्या यू. टी. प्लेस आणि जे. जे. सी. स्मार्ट यांनी अनुक्रमे १९५६ आणि १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या प्रश्नाला थेट उत्तर दिले : संवेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रियाच होय. या मताला तादात्म्य सिद्धान्त म्हणतात. तादात्म्य म्हणजे दोन गोष्टींचे साहचर्य नव्हे. धूर आणि अग्नी कितीही वेळा बरोबर आढळले तरी धूर म्हणजे अग्नी असे कोणी म्हणत नाही; उलट आकाशातील वीज म्हणजे विद्युत्भाराचे विसर्जन असे म्हणताना दोन गोष्टी जोडल्या जात नाहीत, तर एकाच गोष्टीचे स्वरूप सांगितले जाते. वेदना आणि मेंदूतील प्रक्रिया यांचा संबंध या दुसऱ्या प्रकारचा आहे, असे प्लेस आणि स्मार्ट यांचे म्हणणे होते. त्यावर पहिला आक्षेप साहजिकच असा येतो, की मेंदूबद्दल काहीही माहीत नसलेला निरक्षर शेतकरीसुद्धा आपल्या दुखण्याबद्दल अचूक बोलतो, तेव्हा त्याच्या बोलण्याचा विषय मेंदू कसा असू शकेल? स्मार्ट यांनी त्याला उत्तर दिले, की तोच शेतकरी विजेबद्दलही बोलतो आणि विद्युत्शास्त्र त्याला ठाऊक नसते.

हे उत्तर वरवरचे वाटू शकते, पण त्याच्यामागे भाषेविषयीचा एक खोल सिद्धान्त उभा आहे. जर्मन गणिती आणि तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये असे दाखवून दिले, की शब्दाचा अर्थ ही एकसंध बाब नाही. शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती त्याचे निर्देश्य, आणि ती वस्तू ज्या रीतीने त्या शब्दातून समोर येते तो त्याचा आशय. पहाटे पूर्वेला दिसणारा तेजस्वी तारा आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा तेजस्वी तारा यांना फार पूर्वी वेगळे मानले जात होते. दोन्ही शुक्रच आहेत हे निरीक्षणाने आणि गणिताने समजले. ‘पहाटतारा म्हणजे सांजतारा’ या वाक्याने ज्ञानात भर पडते, कारण दोन्ही शब्दांचा आशय निराळा आहे. आणि तरीही ते वाक्य सत्य आहे, कारण निर्देश्य एकच आहे. आशय भिन्न आहे म्हणून वस्तूही भिन्न असली पाहिजे, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

या एका भेदाने मनाविषयीचा एक जुना आणि भारदस्त युक्तिवाद निकामी होतो. देकार्त यांनी १६३७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते, की आपल्याला शरीर नाही अशी कल्पना करता येते, पण आपण अस्तित्वातच नाही अशी कल्पना करता येत नाही. सबब विचार करणारा ‘मी’ शरीराहून वेगळा आहे. आता याच धर्तीवर एखाद्याने असे म्हटले, की पहाटतारा उगवला आहे याबद्दल आपल्याला शंका नाही, सांजतारा उगवला आहे याबद्दल मात्र शंका आहे, सबब ते दोन तारे आहेत, तर चूक कोणाच्याही लक्षात येईल. ‘शंका आहे’, ‘माहीत आहे’, ‘वाटते’ अशा क्रियापदांनी बांधलेल्या वाक्यांत शब्दाचा आशय महत्त्वाचा ठरतो, आणि म्हणून अशा वाक्यांच्या आधारे वस्तू एक की दोन हे ठरवता येत नाही. शरीर आणि मन वेगळे नाहीत असे याने सिद्ध झाले नाही. ते वेगळे आहेत असे सिद्ध करण्याची एक वाट तेवढी बंद झाली. तत्त्वज्ञानात एवढे यशही थोडके नसते.

तथापि फ्रेगे यांचा आधार घेताच स्मार्ट यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहिली. स्मार्ट यांनी ती मॅक्स ब्लॅक यांच्या नावावर नोंदवली आहे. पहाटतारा आणि सांजतारा हे शब्द एकाच शुक्राकडे नेतात ते त्याच्या दोन वेगळ्या गुणांच्या वाटेने : पहाटे दिसणे आणि सायंकाळी दिसणे. मग ‘वेदना’ आणि ‘मेंदूतील प्रक्रिया’ हे शब्द एकाच घटनेकडे नेत असतील, तर त्या घटनेलाही दोन गुण असले पाहिजेत, आणि त्यांपैकी दुखरेपणा हा गुण भौतिक कसा म्हणावा? वस्तू एक केली, पण गुणांचे द्वैत मागच्या दाराने परत आले. स्मार्ट यांचे उत्तर कल्पक होते. नारिंगी रंगाचा भास होत आहे असे सांगणारा माणूस, त्यांच्या मते, एवढेच सांगत असतो, की जागे असताना, डोळे उघडे असताना आणि चांगल्या उजेडात समोर संत्रे असताना आपल्यात जे घडते, तशासारखे काहीतरी आता घडत आहे. ते ‘काहीतरी’ भौतिक की अभौतिक, हे वाक्य सांगतच नाही. परंतु दाढ ठणकत असलेल्या माणसाला हे वर्णन पुरेसे वाटणार नाही. दात किडल्यावर जे घडते तशासारखे काहीतरी घडत आहे, एवढेच त्याला म्हणायचे नसते. ते दुखत आहे, असे म्हणायचे असते. स्मार्ट यांच्या विश्लेषणातून निसटते ते नेमके हेच.

सॉल क्रिपकी यांनी जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात हाती टिपणे न घेता तीन व्याख्याने दिली. पुढे ती ‘नेमिंग अँड नेसेसिटी’ या नावाने प्रसिद्ध झाली. तेव्हा तिशीही न गाठलेल्या या तत्त्वज्ञाचा विषय होता विशेषनामे, आणि तरीही त्या व्याख्यानांचा शेवट वेदनेपाशी झाला. ‘भारताचे पहिले पंतप्रधान’ हे वर्णन नेहरूंना लागू पडते, पण इतिहास वेगळा घडला असता तर ते दुसऱ्या कोणाला लागू पडले असते. ‘जवाहरलाल नेहरू’ या नावाचे तसे नाही. नेहरू पंतप्रधान झाले नसते तर काय झाले असते, असे विचारताना ते नाव त्याच व्यक्तीला धरून ठेवते. जो शब्द सर्व शक्य परिस्थितींत एकाच वस्तूचा निर्देश करतो त्याला क्रिपकी दृढ निर्देशक म्हणतात. ‘उष्णता’, ‘पाणी’ यांसारखे शब्दही त्यांच्या मते दृढच आहेत. यातून निघणारा निष्कर्ष असा, की दोन्ही बाजूंना दृढ निर्देशक असलेले तादात्म्यविधान सत्य असेल, तर ते अनिवार्यपणे सत्य असते. शोध उशिरा लागला तरी वस्तुस्थिती वेगळी असूच शकली नसती.

तरीही उष्णता म्हणजे रेणूंची गती नसती असे कल्पिता येते, असे अनेकांना वाटते. क्रिपकी त्याचा खुलासा करतात : कल्पिलेली असते ती अशी परिस्थिती, की ज्यात रेणूंच्या गतीने कोणाला ऊब जाणवत नाही, किंवा दुसऱ्याच कशाने तरी ऊब जाणवते. ऊब जाणवणे आणि उष्णता असणे या वेगळ्या गोष्टी असल्यामुळे हा खुलासा चालतो. वेदनेच्या बाबतीत तो चालत नाही, कारण वेदना जाणवणे म्हणजेच वेदना असणे. मेंदूतील प्रक्रिया आहे पण वेदना नाही, अशी कल्पना करता येत असेल, तर ‘वेदना होती, फक्त ती जाणवली नाही’ असे म्हणून सुटका होत नाही.

दातांच्या दवाखान्यात नेहमी घडणारी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. रुग्ण खालच्या दाढेवर बोट ठेवतो आणि कीड सापडते वरच्या दाढेत. दोन्ही जबड्यांतील संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या शाखांतून जात असल्यामुळे जागेबद्दल अशी फसगत होऊ शकते. डॉक्टर रुग्णाची ती चूक दुरुस्त करतात, पण ‘तुम्हाला वाटते तेवढेच, प्रत्यक्षात दुखत नाही’ असे ते म्हणू शकत नाहीत. पुढे भूल देण्याच्या इंजेक्शनाने तंतूंमधून संदेश जाणेच थांबते. कीड तशीच असते, वेदना नसते. कारण आणि वेदना यांच्यात फट पडू शकते. वेदना आणि तिची जाणीव यांच्यात पडत नाही. क्रिपकी यांचा सगळा युक्तिवाद या फरकावर तोललेला आहे. त्यांच्या चर्चेत आणि नंतरच्या साहित्यात वारंवार येणारे ‘सी’ तंतू हे उदाहरण मात्र शब्दशः घेऊ नये. हे बारीक, मायलिनचे आवरण नसलेले, सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर वेगाने संदेश नेणारे तंतू शरीरभरच्या मज्जातंतूंत असतात, मेंदूत नव्हे. तत्त्वज्ञ त्यांचे नाव घेतात ते ‘मेंदूतील जी काही प्रक्रिया असेल ती’ या अर्थाने.

तादात्म्यवाद्यांचे सर्वांत दमदार प्रत्युत्तर ब्रायन लोर यांनी १९९० मध्ये दिले. वेदनेची संकल्पना स्वानुभवातून थेट मिळते आणि तंतूंची संकल्पना शरीरशास्त्रातून मिळते. दोन्हींची घडणच इतकी वेगळी आहे, की त्या एकाच गोष्टीच्या असल्या तरी एकीवरून दुसरीकडे तर्काने जाता येत नाही, आणि म्हणून त्या वेगळ्या वाटतात. फट वस्तूत नाही, संकल्पनांत आहे. हे उत्तर सुसंगत आहे. पण आपली एक संकल्पना कोणत्याही मधल्या गुणाचा आधार न घेता थेट मेंदूतील प्रक्रियेला कशी जाऊन भिडते, हे ते पुरते उलगडत नाही.

या वादाने आत्म्याचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध झालेले नाही. क्रिपकी यांच्या युक्तिवादातून वेदना नावाचे वेगळे द्रव्य निघत नाही, आणि मेंदूविज्ञानाच्या कोणत्याही निष्कर्षाला त्याने बाध येत नाही. मात्र मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रावर अमुक भाग उजळला आणि त्याच वेळी रुग्णाला दुखले, एवढ्यावरून ‘वेदना म्हणजे त्या भागाची क्रिया’ असे लिहिणारा साहचर्यावरून तादात्म्यावर उडी मारत असतो, आणि ती उडी कोणत्या आधारावर मारली हे सांगण्याची जबाबदारी त्याचीच आहे. ती अजून कोणी पुरतेपणी पार पाडलेली नाही. वेदनेसारख्या अनुभवांकडून वळून ‘पाऊस येईल असे वाटते’ यासारख्या समजुतींकडे जाताना, अस्तित्वात नसलेल्या गोष्टींविषयीही मनाला विचार कसा करता येतो, हा ब्रेंटानो यांनी १८७४ मध्ये पुन्हा ऐरणीवर आणलेला प्रश्न पुढील लेखांकात घेतला जाईल.