माउलींच्या वाटेवर इवली पावले

आषाढी एकादशीच्या सुमारे आठवडाभर आधी श्रीज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा फलटण नगरीत प्रवेश करतो. पाडेगावजवळ नीरास्नान करून माउली सातारा जिल्ह्यात येतात आणि लोणंद, तरडगाव असे मुक्काम करीत बाणगंगेच्या काठी वसलेल्या या जुन्या संस्थानी गावी पोहोचतात. विमानतळाच्या विस्तीर्ण माळावर राहुट्यांचे दुसरे नगरच उभे राहते. अशा वेळी घरातील तीन-चार वर्षांचे बालक आजीचा पदर ओढून विचारते, “मला पण नेणार ना?” या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक श्रद्धावान घराने जरा विचारपूर्वक द्यावे, असे आम्हांस वाटते.

मोठी माणसे दर्शनाला जातात ती मनात भाव धरून. बालकाचा भाव मात्र त्याच्या डोळ्यांतून, कानांतून आणि हातांतून घडत असतो. पहिल्या यात्रेत त्याला घामाची रेटारेटी, दुखणारे पाय आणि ओरडणारे वडील एवढेच अनुभवास आले, तर देवाच्या नावाशी भीतीचीच सांगड बसेल. उलट टाळांचा नाद, बुक्क्याचा सुगंध आणि डोईवर तुळस घेतलेल्या वारकरी मातेचे हसू त्याच्या वाट्याला आले, तर ती शिदोरी त्याला जन्मभर पुरेल. म्हणून यात्रा घडवावयाची ती बालकाच्या मापाने.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, ही त्यांची दृष्टी होती. शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची शिकविण्याची साधने. पुढे १९८४ साली खुद्द फलटणमध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू झाले. शिक्षणाचा आरंभ मुलाच्या जवळच्या जगातून व्हावा, हेच तत्त्व सणालाही लागू आहे.

मग करावे काय? पालखी येण्याआधी चार दिवस घरातच वारीची तयारी करावी. लहानग्याच्या हातून एका कुंडीत तुळशीचे रोप लावून घ्यावे आणि रोज तांब्याभर पाणी त्यानेच घालावे. जुन्या धोतराच्या तुकड्याला गेरूने रंगवून पताका करावी. आळीतील पाच-सहा मुले जमवून अंगणातल्या अंगणात दिंडी काढावी. एकाच्या हाती टाळ, एकीच्या डोईवर तुळस. लोणंद-तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. वारकऱ्यांच्या रांगांमधून दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर साक्षात माउली आरूढ असतात, ही आपली श्रद्धा. तेथील दाटी इतक्या लहान मुलांना झेपणारी नव्हे. पण काठीचा घोडा करून तेच रिंगण अंगणात घडविता येते, आणि त्यातून ‘स्वाराविना घोडा का?’ हा प्रश्न मूल आपणहून विचारते. आजोबांच्या गोष्टीला याहून चांगला आरंभ कोणता?

प्रत्यक्ष पालखीच्या दिवशी रथाजवळ जाण्याचा हट्ट धरू नये. मार्गावरील एखाद्या आप्ताच्या ओट्यावर किंवा सावलीच्या जागी आधीच जाऊन बसावे. दोन-चार दिंड्या पाहून मूल कंटाळले तर खुशाल घरी परतावे. माउली त्याचा राग धरणार नाहीत. त्याच्या हातून एका वारकऱ्याला पाणी किंवा केळे द्यावे. देण्याचा आनंद या वयात शब्दांवाचून कळतो. मुलाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी अवश्य ठेवावी. अंगावर दागिने मुळीच घालू नयेत. घरातील एका व्यक्तीने केवळ मुलाचा हात धरण्याचे काम पत्करावे. तिचे तेच दर्शन समजावे. क्षणभर हात सुटला तर त्या जनसागरात चिमुकल्या जिवाचा शोध घेणे किती कठीण, हे सांगावयास नको.

सोहळा बरडकडे मार्गस्थ झाला की गाव शांत होते. तोच खरा लहानग्यांच्या सहलीचा काळ. एखाद्या संध्याकाळी राजवाड्यालगतच्या श्रीराम मंदिरात त्याला न्यावे. गर्दी नसते, घंटा स्वतःच्या हाताने वाजविता यावी म्हणून कडेवर उचलून घ्यावे. तेथून जबरेश्वराच्या पुरातन मंदिराकडे वळावे आणि काळ्या दगडावरील नक्षीवरून त्याची बोटे फिरू द्यावीत. इतिहासाचे व्याख्यान नको. “इथे तुला काय काय सापडले?” एवढेच विचारावे आणि ते सांगेल ते मन लावून ऐकावे.

पाठोपाठ आषाढातला बेंदूर येतो. सातारा-सांगलीकडच्या घरांत या दिवशी मातीच्या बैलांची पूजा होते. बाजारातून तयार जोडी आणणे सोपे. पण मुलासमोर चिखलाचा गोळा ठेवून पाहा. त्याचा बैल शिंगे मोडका, तीन पायांचा झाला तरी देव्हाऱ्यासमोर तोच मांडावा आणि त्यालाच पुरणपोळीचा नैवेद्य दाखवावा. नंतर शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात नेऊन शिंगे रंगविलेला, झूल पांघरलेला खरा बैल दुरून दाखवावा. आपल्या ताटातील भाकरीमागे कोणाचे कष्ट आहेत, हे त्या डोळ्यांत साठू द्यावे.

या साऱ्याला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि सणाच्या धांदलीत नेमका तोच आपण मुलांना नाकारतो. नैवेद्याचा एखादा पदार्थ कमी झाला तरी चालेल. पण आषाढातील एक संध्याकाळ घरातील सर्वांत लहान वारकऱ्यासाठी राखून ठेवावी, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.