विक्तोर झाकमाँ याचीं पत्रें

बखर पारखून घ्यावी आणि पत्र प्रमाण मानावें, हा आपल्या इतिहाससंशोधनांतील रूढ दंडक होय. परंतु पत्र कोणास लिहिलें आहे हें पाहिल्यावांचून त्याचेंही प्रामाण्य ठरत नाहीं. या दृष्टीनें विक्तोर झाकमाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचा पत्रव्यवहार आम्ही येथें विचारास घेतों. इ. स. १८३२ त तो औरंगाबादेकडून पुण्यास आला. त्या वाटेनें जाणारास आमचा नगर प्रांत ओलांडावाच लागतो. तेव्हां पारनेरकरांस हा गृहस्थ अगदींच परका नव्हे.

झाकमाँ १८०१ सालीं पॅरिस येथें जन्मला. एका गायिकेवरील प्रेमांत निराशा पदरीं आल्यावर तो अमेरिकेस गेला. पुढें पॅरिसच्या सृष्टिविज्ञान संग्रहालयानें त्यास हिंदुस्थानांत धाडिलें व १८२९ च्या मे महिन्यांत तो कलकत्त्यास उतरला. वेतन आरंभीं सालीना ६,००० फ्रँक. इंग्रज अधिकाऱ्यांच्या थाटापुढें ही रक्कम तुटपुंजीच. तिजविषयींची कुरकूर पत्रांत आहे, पण ती विनोदाच्या अंगानें. हिमालय, रणजितसिंहाचें लाहोर आणि काश्मीर पाहून तो दक्षिणेकडे वळला.

त्याचीं पत्रें १८३३ त छापून निघालीं; वनस्पतींच्या वर्णनांसह प्रवासग्रंथ १८३५ ते १८४४ या काळांत बाहेर पडला. वनस्पतिज्ञांनीं ग्रंथ घेतला, रसिकांनीं पत्रें घेतलीं, आणि एका माणसाचीं दोन शकलें झालीं. आमच्या मतें हीं दोन्हीं साधनें शेजारीं ठेवूनच वाचलीं पाहिजेत. वनस्पति कोठें सांपडली हें टिपणावरून कळतें; ती खुडणारा हात कसा होता, हें पत्रच सांगतें. मात्र वडिलांस लिहितांना तो आपल्या प्रकृतीविषयीं धीरच देतो. असलीं वाक्यें पितृभक्तीचा पुरावा म्हणून घ्यावीं. आरोग्याचा म्हणून घेऊं नयेत.

याचा पडताळा शेवटच्या पत्रांत मिळतो. पावसाळा पुण्यांत काढून तो साष्टीच्या रानांत गेला, तेथें दुखणें जडलें, आणि ऑक्टोबरअखेर तो मुंबईस पोंचला. रोग यकृताचा होता. १ डिसेंबर १८३२ रोजीं, आजारी अधिकाऱ्यांच्या निवासांतून, उताणें पडल्या पडल्या त्यानें पोर्फीर या भावास लिहिलें. दूरदेशीं मरणाऱ्याच्या आप्तांस तो एकटा व टाकलेला मेला ही कल्पनाच अधिक जाळते. म्हणून आपण स्नेह्यांच्या शुश्रूषेंत आहों, हें तो आवर्जून कळवितो. येथें मात्र धीर देणें व सत्य सांगणें हीं एक झालीं आहेत. कारण निकल नांवाच्या व्यापारी स्नेह्यानें त्याची अखेरपर्यंत काळजी वाहिली. ७ डिसेंबरास झाकमाँ वारला. वय अवघें ३१.

राजस्थानच्या वाळूंत वाढणारें, आमच्या बाभळीच्या गोत्रांतील एक काटेरी झुडूप शास्त्रांत ‘अकेशिया जॅक्मोंटिआय’ या नांवानें दाखल झालें. त्यांतील उत्तरपद म्हणजे झाकमाँच्या नांवाची लॅटिन षष्ठी. मुंबईंत पुरलेले त्याचे अवशेष १८८१ त फ्रान्सला नेण्यांत आले. त्यानें वाळवून ठेविलेल्या वनस्पति त्याच्या सुमारें अर्धशतक आधींच घरीं पोंचल्या होत्या.