शिबिर संपते, चळवळ संपत नाही

महाविद्यालयीन वयात चळवळीत ओढले गेलेले तरुण पंचविशीनंतर कुठे जातात, हा सामाजिक संघटनांच्या बैठकांमधून वारंवार चर्चिला जाणारा प्रश्न आहे. शिबिरांना गर्दी होते, गाणी म्हटली जातात, निरोपाच्या दिवशी डोळे पाणावतात. मात्र पुढच्या चार-पाच वर्षांत त्या गर्दीतील बहुतेक चेहरे दिसेनासे होतात. याला ‘आजच्या पिढीची उदासीनता’ असे सोपे नाव दिले जाते. ते पुरेसे नाही. गळतीची कारणे तरुणांच्या आयुष्यक्रमात जेवढी आहेत, तेवढीच संघटनांच्या रचनेतही आहेत.

गळतीचे वय

सरकारी व्याख्येनुसार ‘तरुण’ कोण, हेही काळानुरूप बदलत आले आहे. २००३च्या राष्ट्रीय युवा धोरणात १३ ते ३५ हा वयोगट धरण्यात आला होता. २०१४च्या धोरणाने तो १५ ते २९ असा आखला. कागदावर तरुणपण तिशीच्या उंबरठ्यापर्यंत टिकत असले, तरी तरुणांना सामावून घेणारी व्यवस्था मुख्यतः महाविद्यालयाच्या आवारातच उभी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा साचा. या योजनेने खेड्याचे पहिले दर्शन घडवले, असे सांगणारी माणसे शहरांत जागोजागी भेटतात. परंतु दोन वर्षे भरली, प्रमाणपत्र हाती पडले, की स्वयंसेवकाचा या व्यवस्थेशी असलेला औपचारिक संबंध संपतो. पुढचा रस्ता ज्याने त्याने शोधायचा असतो.

नेमक्या याच वळणावर आयुष्यातील मोठे बदल एकदम अंगावर येतात. पदवी, नोकरीचा शोध, गाव सोडून पुण्या-मुंबईत खोली घेणे, घरी पैसे पाठवणे, लग्न. सायंकाळी सहाला शाखेवर येणारा मुलगा रात्री नऊला कार्यालयातून सुटतो. त्याची निष्ठा कमी झालेली नसते. दिवसातले तास कमी झालेले असतात. संघटनेची कामाची पद्धत मात्र विद्यार्थ्याच्या वेळापत्रकावर बेतलेली असते आणि तिथेच धागा तुटतो.

तिशीची मर्यादा

या प्रश्नाला एक धीट उत्तर जयप्रकाश नारायण यांनी दिले होते. बिहार आंदोलनाच्या भरात, १ जानेवारी १९७५ रोजी, त्यांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली. वाहिनी पक्षीय राजकारणापासून दूर राहील आणि वयाची तिशी ओलांडलेली व्यक्ती तिची सदस्य राहणार नाही, असा दंडक होता. संघटना कायम तरुणांच्याच हाती राहावी, जुन्यांनी खुर्च्या अडवू नयेत, हा त्यामागचा विचार. स्थापनेच्या वेळी स्वतः जयप्रकाश बहात्तर वर्षांचे होते, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या नियमातील स्वच्छता अधिक जाणवते.

या तरुणांनी केलेले काम किरकोळ नव्हते. १९७८पासून बोधगया येथे मठाच्या ताब्यातील हजारो एकर जमिनीसाठी भूमिहीन शेतमजुरांचा जो लढा उभा राहिला, त्यात वाहिनीच्या कार्यकर्त्या-कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. १९८०च्या दशकात काही गावांत जमिनीचे पट्टे स्त्रियांच्या नावे झाले. त्या काळाचा विचार करता ही असामान्य घटना होती. मात्र असा लढा एका वयोगटाच्या मुदतीत आटोपत नाही. पंचविशीत गावात गेलेला कार्यकर्ता लोकांचा विश्वास मिळवतो, महसुलाचे कागद वाचायला शिकतो, तोवर तिशी येऊन ठेपते. म्हणूनच वय उलटलेल्या कार्यकर्त्यांना काम चालू ठेवण्यासाठी जनमुक्ती संघर्ष वाहिनीसारखी वेगळी संघटना उभारावी लागली. वयोमर्यादेने नव्यांना जागा मिळते, हे खरे. पण मर्यादेपलीकडच्यांसाठी दुसरे दार उघडे नसेल, तर अनुभव वाया जातो, हा वाहिनीच्या वाटचालीतून मिळणारा धडा आहे.

दुसरी वाट

महाराष्ट्रात याहून निराळी वाट राष्ट्र सेवा दलाने चोखाळली. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हा दलप्रमुख एस. एम. जोशी छत्तीस वर्षांचे होते. सैनिकांना प्रेरणा देणारे साने गुरुजी चाळिशी ओलांडलेले. म्हणजे मुलांची संघटना मोठ्यांनी उभारली होती आणि मोठे होणाऱ्यांना त्यात स्थान होते. शाखेवर खेळणारा मुलगा पुढे शाखा चालवतो, मग शिबिरात बौद्धिक घेतो, त्यानंतर कलापथकात, शिक्षकी पेशात किंवा कामगार संघटनेत जातो, आणि तरीही ‘सेवा दलाचा’ म्हणून ओळखला जातो, अशी साखळी त्यातून तयार झाली.

अभिनेते निळू फुले यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. कोवळ्या वयात ते पुण्यातील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. महिन्याकाठी मिळणाऱ्या ८० रुपयांतले १० रुपये ते सेवा दलाला देत असत. पुढे दलाच्या कलापथकातूनच त्यांच्यातील नट घडला. पूर्ण वेळ देणे शक्य नसलेला कमावता तरुण चळवळीत कसा टिकतो, याचा हा नमुना म्हणावा लागेल. मिळकतीचा एक ठरलेला वाटा आणि अंगच्या गुणाला साजेसे काम, एवढ्यावर त्यांचे नाते आयुष्यभर टिकले.

अर्थात या वाटेलाही काटे आहेत. वयाची अट नसली, की ज्येष्ठांचा मुक्काम लांबतो. पन्नाशीतील कार्यकर्ते ‘युवा’ व्यासपीठावर बसतात आणि बाविशीतील मुलगी सतरंज्या उचलते, हे दृश्य महाराष्ट्रातील संघटनांना अपरिचित नाही. आपल्याला फक्त राबवून घेतले जाते, निर्णय आधीच झालेले असतात, ही भावना बळावली की तरुण कोणताही गाजावाजा न करता निघून जातात.

भूमिका बदलावी लागते

दोन्ही अनुभव एकत्र ठेवले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. चळवळीत राहणे म्हणजे त्याच जागी राहणे नव्हे. स्काउट चळवळीने हे फार पूर्वी ओळखले. मोठ्या मुलांसाठी १९१८च्या सुमारास ‘रोव्हर’ विभाग आखला गेला आणि सेवा हे त्याचे ब्रीद ठरले. भारतात रोव्हरचे वय पंचविशीपर्यंत धरले जाते. त्यानंतर राहायचे असेल, तर स्काउटर म्हणून, म्हणजे दुसऱ्यांना शिकवणारा म्हणून राहावे लागते. घेणाऱ्याने देणारे व्हायचे, हा बदल तिथे गृहीतच आहे.

गेल्या दोन दशकांतील प्रयोगही याच दिशेचे आहेत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने गडचिरोलीत २००६ साली सुरू झालेला ‘निर्माण’ हा उपक्रम विशीतील तरुणांना शिबिरांच्या मालिकेतून ‘माझ्या जगण्याचा हेतू काय’ या प्रश्नापाशी आणतो. शिबिराचा जोश ओसरल्यानंतर डॉक्टर, अभियंता वा शिक्षक म्हणून समाजाच्या कोणत्या प्रश्नावर काम करता येईल, हा त्याचा रोख. चळवळ आणि पोटापाण्याचा व्यवसाय ही दोन परस्परविरोधी टोके आहेत, ही समजूत त्यामुळे सैल होते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक कठीण आहे. मुलाची नोकरी लागते तेव्हा त्याचा वेळ जातो. मुलीचे लग्न होते तेव्हा अनेकदा तिचे गाव, मित्रपरिवार आणि बाहेर पडण्याची मुभा, सारेच जाते. सासरच्या गावी संघटनेची ओळख पोहोचवणे, बैठका रात्री न ठेवता दिवसा ठेवणे, लहान मूल घेऊन आलेल्या कार्यकर्तीची सोय करणे, या गोष्टी ठरावांत येत नाहीत. पण चळवळीतील निम्मे मनुष्यबळ त्यांवर अवलंबून असते.

थोडे, पण ठरलेले

नोकरदार तरुणांकडून काय मागावे, याचा संघटनांनीही फेरविचार करायला हवा. ‘जमेल तेव्हा ये’ हे निमंत्रण उदार वाटते. प्रत्यक्षात ते कधीच न येण्याचे निमंत्रण ठरते. याउलट महिन्यातला दुसरा रविवार, एका वस्तीतील दहा मुलांचा गणिताचा वर्ग, संस्थेच्या हिशेबाची जबाबदारी, माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणे, असे नेमके आणि आवाक्यातले काम माणसाला बांधून ठेवते. तरुणांनीही पूर्णवेळ कार्यकर्ता किंवा काहीच नाही, असा हिशेब मांडण्याचे कारण नाही.

बावीस ते तीस या वयातील कार्यकर्ता हा संघटनेचा कणा असतो. शाळकरी मुलाला तो दादा किंवा ताई म्हणून जवळचा वाटतो आणि ज्येष्ठांशी बरोबरीने वाद घालू शकतो. हा मधला दुवाच निखळला, तर शाखेवर मुले आणि कार्यालयात वृद्ध एवढेच उरतात. तो टिकवायचा, तर त्याच्या हाती काम देताना अधिकारही द्यावे लागतील. सतरंजी उचलणाऱ्याला बैठकीत बोलू दिले, तर तो पुढच्या वर्षीही येतो.