संगणक अडला तर आधी रोग ओळखा



पीकविम्याचा अर्ज अर्धा भरून झाला आहे. एका खिडकीत अर्ज, दुसरीत सातबारा, तिसरीत बँकेच्या पासबुकाचे चित्र, आणि मुलाने मागे गाणे लावून ठेवलेले. अशा वेळी संगणक एकाएकी थबकतो. बाण हलत नाही, कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर जीव टांगणीला लागतो. मग कोणी वायर ओढतो, कोणी डबा थापटतो, आणि शेवटी 'आता नवाच घ्यावा' असे घरात ठरते.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव घ्या की आणखी कोणते गाव घ्या, संगणक आता तेथेही नवलाचा राहिलेला नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि शेतीची बरीच कागदपत्रे या यंत्रावर आली. तेव्हा बैलाचे दुखणे जसे आपण ओळखतो, तसे याचेही ओळखता आले पाहिजे. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊन पैसा वाया जातो.

खळे आणि बळद

संगणकात माल ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक डिस्क, म्हणजे आपले बळद. फोटो, कागद, हिशेब सारे तेथे कायमचे साठते. दुसरी मेमरी, जिला रॅम म्हणतात. ते झाले खळे. काम चालू असेपर्यंत माल तेथे पसरायचा आणि काम संपले की उचलायचा. राबणारा गडी म्हणजे प्रोसेसर. तो खळ्यावरच काम करतो.

एकाच वेळी सहा-सात कामे उघडली की खळे भरते. मग संगणक थोडा माल बळदात नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. ही युक्ती १९६२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात प्रथम वापरली गेली. युक्ती चांगली, पण बळदाची वाट लांबची. जुन्या डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारा दांडा असतो. तो दांडा इकडून तिकडे धावत बसतो आणि गडी मालाची वाट पाहत उभा राहतो. बाहेरून आपल्याला दिसते ते एवढेच, की संगणक अडला.

आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक नावाचा संगणक सुरू झाला. त्याची मेमरी आजच्या मापाने अवघी दहा किलोबाइट होती. आज चार जीबीचा साधा संगणक त्याच्या चार लाख पट मोठा आहे, तरी तो अपुरा पडतो. आजचा एकेक कार्यक्रम आणि इंटरनेटचे एकेक पान तेवढीच जास्त जागा मागते.

थबकला तर

प्रथम वायर ओढू नका. दोन-तीन मिनिटे थांबा. डब्यावरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. बाण हलत असेल, दुसरे कार्यक्रम नीट उघडत असतील आणि फक्त अर्जाचे पान अडले असेल, तर दोष बहुधा संगणकाचा नाही. इंटरनेट मंद असेल किंवा त्या संकेतस्थळावर गर्दी असेल.

सगळेच मंदावले असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने असून प्रत्येकावर टक्के लिहिलेले असतात. संगणकाची नाडी हीच. जो कार्यक्रम फार जागा खातो आणि आपल्याला नको आहे, तो निवडून 'एंड टास्क' करा. त्यातले न साठवलेले काम मात्र जाईल. अनोळखी नावांना हात लावू नका. काहीच हलेना, तर चालू-बंद करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरावी. हा अगदी शेवटचा उपाय.

आकडे काय सांगतात

मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल तर खळे लहान पडते आहे. नको ती पाने बंद करा. संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात दिसतात. त्यांतले अनावश्यक बंद करा. मराठी टंकलेखन आणि विषाणूरोधक कार्यक्रम मात्र राहू द्या. एवढ्याने भागले नाही तर रॅम वाढवावी. चार जीबीची आठ झाली की पुष्कळ फरक पडतो. रॅमचे प्रकार निराळे असतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याला बसत नाही. म्हणून संगणकाचे मॉडेल दुकानदाराला दाखवूनच घ्या.

मेमरीत जागा असूनही डिस्क सतत शंभर टक्क्यांवर राहिली, तर संशय डिस्कवर घ्या. ती गच्च भरली असेल तर नको ते काढा आणि निदान दहावा हिस्सा मोकळा ठेवा. टकटक आवाज येत असेल तर तिचे दिवस भरत आले समजावे. तिच्या जागी एसएसडी बसवता येते. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने जुना संगणकही चपळ होतो.

सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर कोणता कार्यक्रम त्याला राबवतो ते पाहा. दोन विषाणूरोधक एकत्र ठेवणे म्हणजे एका गोठ्यात दोन मारके बैल बांधणे. एकच ठेवा. 'संगणक वेगवान करा' असे सांगत आपोआप पुढे येणाऱ्या जाहिरातींना भुलू नका.

धूळ आणि ऊन

तुरीची भुसकट, कापसाचे तंतू आणि फुफाटा पंख्यात अडकले की आतली हवा खेळत नाही. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जपण्यासाठी मुद्दाम मंद चालतो. म्हणून सुगी संपल्यावर वीज काढून, डबा उघडून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. ओले फडके वापरू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली, भिंतीला चिकटवून संगणक ठेवू नये.

एकच कार्यक्रम चालू असतानाही संगणक अडत असेल, तर रॅमची पट्टी सैल वा खराब असू शकते. ते काम जाणत्याकडे द्यावे. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही त्याच्याशी बोलून घ्यावे.

दुरुस्तीला देण्यापूर्वी सर्व कागद आणि फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. 'फॉरमॅट' केल्यावर डिस्कवरचा माल गेलाच म्हणून समजा. आणि ते तीन टक्के, संगणक अडलेला असतानाचे, वहीत लिहून सोबत न्या. दुकानदार काय बदलायला सांगतो आणि वहीतले आकडे काय सांगतात, ते ताडून पाहा. मगच खिशात हात घाला.