शेजारच्या बाकावर पिस्तूल? अमेरिकेतल्या ‘कन्सील्ड कॅरी’चा वाद, सोप्या भाषेत

(ऐकलेल्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच.)

गेल्या आठवड्यात नाशिकहून एक व्हॉइस नोट आली. एक ताई बोलत होत्या. धाकटी बहीण ऑगस्टमध्ये टेक्सासला एमएस करायला चालली आहे. व्हिसा झाला, तिकीट झालं, मेतकूट-लोणचं बॅगेत गेलं. आणि आता आईने कुठेतरी ऐकलं की तिकडे कॉलेजात मुलं बंदूक घेऊन येतात. ताईंचा प्रश्न असा: हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर सरकार अशी परवानगी देतंच कशी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: हो. दुसऱ्यासाठी मात्र हा अख्खा भाग लागणार आहे.

आधी शब्द समजून घेऊ

कन्सील्ड कॅरी म्हणजे शर्टाखाली, जॅकेटमध्ये किंवा बॅगेत पिस्तूल ठेवून चारचौघांत वावरणं. समोरच्याला ते दिसत नाही. कमरेला उघड लटकवलं तर त्याला ओपन कॅरी म्हणतात, त्याचे नियम वेगळे.

‘दिसत नाही’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. या वादात दोन्ही बाजू जे काही बोलतात, ते फिरून फिरून इथेच येतं.

आता परवान्याचं गणित. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. पिस्तूल हवं असेल तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, आपल्याला गरज का आहे ते सांगायचं, आणि मग साहेब ठरवणार. म्हणजे परवाना ही सवलत आहे, हक्क नाही.

अमेरिकेत बरीच वर्षं अनेक राज्यांत साधारण असंच होतं. अधिकारी परवाना ‘देऊ शकतो’. मग फ्लोरिडाने १९८७ मध्ये कायदा बदलला: वय, प्रशिक्षण, गुन्ह्याची नोंद नसणं, एवढ्या अटी पूर्ण केल्या की परवाना ‘द्यावाच लागेल’. ‘देऊ शकतो’ आणि ‘द्यावाच लागेल’, फरक क्रियापदाचा, पण त्याने सत्ता साहेबाच्या टेबलावरून अर्जदाराच्या हातात गेली. एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. पुढे त्यात इलिनॉयही आलं. तिथे चारचौघांत पिस्तूल बाळगायला पूर्ण बंदी होती. २०१२च्या डिसेंबरमध्ये संघीय अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१३ मध्ये तिथेही परवाना पद्धत आली.

आज तर त्याच्याही पुढची पायरी आहे. ५० पैकी २९ राज्यांत पात्र प्रौढ माणसाला लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. टेक्सासने हे २०२१च्या सप्टेंबरपासून केलं.

टेक्सासमध्ये हे आलं कुठून?

१६ ऑक्टोबर १९९१. टेक्सासमधलं किलीन नावाचं गाव. दुपारची वेळ, लुबीज नावाच्या कॅफेटेरियात लोक जेवत होते. एकाने आपला पिकअप ट्रक काच फोडून आत घातला आणि गोळीबार सुरू केला. २३ माणसं गेली.

तिथे सुझाना हप आपल्या आईवडिलांसोबत जेवायला आल्या होत्या. त्यांच्याकडे स्वतःचं रिव्हॉल्व्हर होतं, पण ते बाहेर गाडीत होतं. कारण तेव्हा टेक्सासमध्ये ते सोबत बाळगणं बेकायदा होतं. त्यांचे आईवडील दोघंही त्या हल्ल्यात गेले. पुढे त्या राज्याराज्यांत जाऊन साक्ष देत राहिल्या. म्हणणं एकच: कायदा पाळला म्हणून मी हात बांधल्यासारखी बसले, कायदा मोडणाऱ्याला काहीच अडलं नाही. १९९५ मध्ये टेक्सासने परवाना पद्धत आणली, तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली. १९९६ मध्ये हप स्वतः आमदार झाल्या.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं. ‘तिकडचे लोक बंदूकवेडे आहेत’ असं म्हणून आपण मोकळे होतो, पण या मागणीमागे अशी माणसंही आहेत.

बाजूने बोलणारे काय म्हणतात?

पहिला मुद्दा हपबाईंचा: संकट आलं तर पोलीस पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. याला उदाहरणही आहे. २०२२च्या जुलैमध्ये इंडियानातल्या ग्रीनवुड मॉलमध्ये हल्लेखोराने तिघांना मारलं. तिथे खरेदीला आलेल्या २२ वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या पिस्तुलाने त्याला टिपलं. पोलिसांच्या माहितीनुसार १५ सेकंदांत.

दुसरा मुद्दा अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांचा. कोणाकडे पिस्तूल आहे हे चोराला दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच बिचकतो. म्हणजे ज्यांच्याकडे नाही त्यांचंही फुकटात रक्षण होतं. १९९८च्या त्यांच्या पुस्तकाने हा विचार घरोघरी नेला.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. परवाना साहेबाच्या मर्जीवर असेल, तर साहेब कोणाला देईल? १९५६ मध्ये अलाबामात एका तरुण धर्मोपदेशकाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याने पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. नाकारला गेला. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. ज्याच्या जिवाला खरंच धोका होता, त्यालाच ‘गरज’ पटवता आली नाही.

विरोधातले काय म्हणतात?

ते पुन्हा तेच दोन शब्द उचलतात. चोराला दिसत नाही, कबूल. पण पोलिसांनाही दिसत नाही ना!

२०२१च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या अर्वाडा गावात एका नागरिकाने पोलिसाला मारणाऱ्या हल्लेखोरावर गोळ्या झाडून त्याला पाडलं. काही क्षणांत दुसरा पोलीस तिथे आला, त्याला फक्त हातात बंदूक असलेला माणूस दिसला. त्याने त्या वाचवणाऱ्यालाच गोळी घातली. तो गेला.

२०१६, मिनेसोटा. शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारा ३२ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण. पोलिसाने गाडी थांबवली. त्याने शांतपणे सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. तिचा परवानाही त्याच्याकडे होता. तरी पोलिसाने गोळ्या झाडल्या. पोलीस पुढे खटल्यातून निर्दोष सुटला. म्हणजे हक्क कागदावर सगळ्यांना सारखा, पण तो वापरायची किंमत सगळ्यांना सारखी नाही.

आणि रोजचं आयुष्य घ्या. पार्किंगवरून भांडण, बारमधली बाचाबाची. जिथे दोन शिव्या देऊन विषय संपला असता, तिथे कोणाच्या तरी कमरेला पिस्तूल असतं. शिवाय गाडीत ठेवलेली पिस्तुलं चोरीला जातात, आणि ती जातात कोणाकडे हे सांगायला नको.

मग आकडे काय सांगतात?

लॉट म्हणाले गुन्हे घटतात. २००४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सगळे अभ्यास तपासले आणि सांगितलं की वाढतात की घटतात, काहीच ठामपणे म्हणता येत नाही. त्यानंतर स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी जास्त वर्षांची माहिती आणि नवी पद्धत वापरली. २०१९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष: ‘द्यावाच लागेल’ कायदा आल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, कायदा नसता तर जितके असते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्के जास्त. अलीकडच्या अभ्यासांचं पारडं याच बाजूला झुकतं.

एफबीआयचाही एक आकडा बघा. २००० ते २०१३ मधल्या ‘ॲक्टिव्ह शूटर’ प्रकारच्या १६० घटना त्यांनी तपासल्या. त्यातल्या ५ घटना पोलीस नसलेल्या सशस्त्र माणसाने गोळीबार केल्यावर थांबल्या, आणि त्या पाचांत चार ठिकाणी ते सुरक्षारक्षक होते. नि:शस्त्र लोकांनी हल्लेखोराला आवरलं अशा घटना होत्या २१. लॉट यांना एफबीआयची मोजणी मान्य नाही, हेही सांगून ठेवतो.

मग न्यायालयाने काय केलं?

तिथल्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ची, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. पण घराबाहेर? न्यूयॉर्कमध्ये १९११ पासूनच्या कायद्यानुसार खास कारण दाखवावं लागायचं. २३ जून २०२२ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते रद्द केलं. ‘ब्रूएन’ नावाने हा निकाल ओळखला जातो. गंमत म्हणजे न्यूयॉर्कमधल्या गरिबांचे खटले लढवणाऱ्या कृष्णवर्णीय वकिलांनीही जुन्या कायद्याविरुद्ध बाजू मांडली होती. कारण विनापरवाना पिस्तूल म्हणून तुरुंगात जाणारे बहुतेक त्यांचेच अशील असायचे.

लक्षात घ्या, या निकालात गुन्हे वाढतात का घटतात, हा प्रश्न निर्णायक नव्हताच. इतिहासात अशा निर्बंधाला आधार आहे का, एवढंच बघायचं ठरलं. म्हणून आता भांडण ‘द्यायचं की नाही’ यावरून ‘कुठे न्यायचं नाही’ यावर आलं आहे. न्यूयॉर्कने लगेच टाइम्स स्क्वेअर, मेट्रो अशा जागांवर बंदी घातली.

आता ताईंच्या बहिणीकडे येऊ

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना लपवून पिस्तूल आणता येतं. राज्यात इतरत्र परवाना लागत नसला, तरी कॅम्पसवर लागतो. तिथे उघड बाळगता येत नाही. विद्यापीठ काही जागा वगळू शकतं. खासगी विद्यापीठांना पूर्ण नकार द्यायची मुभा आहे, आणि बहुतेकांनी तो दिला. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या होत्या. म्हणणं असं की वर्गात कोणाकडे पिस्तूल असेल या भीतीने वादाचे विषय शिकवताना जीभ अडखळते. कोर्टाने ते ऐकलं नाही.

म्हणजे शेजारच्या बाकावर पिस्तूल असू शकतं. बहुतेक वेळा नसेल. आणि असलं तरी तिला कळणार नाही.

पण मंडळी, एक गोष्ट आईने नाही, तर बहिणीने ऐकायला हवी. विद्यार्थी व्हिसावर, आणि एच-वन-बीवरही, असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, गोळ्या बाळगायलाही मनाई आहे. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. वीकेंडला मित्र म्हणतात, “चल शूटिंग रेंजला, मजा येते, रील काढू.” भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जातं.

हे पुस्तकी नाही. हमीद रेहाइफ नावाचा अमिरातीतून आलेला विद्यार्थी. फ्लोरिडातल्या कॉलेजने काढून टाकल्यावर त्याचा दर्जा संपला, पण तो तिथेच राहिला, आणि रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या. १८ महिन्यांची शिक्षा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली, कारण आपला दर्जा संपलाय हे त्याला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं नव्हतं. पण तोवर आयुष्याची काही वर्षं गेली.

तेव्हा ताई, बहिणीला तीन गोष्टी सांगा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर कॅम्पस कॅरीचं पान वाच, कुठे चालतं कुठे नाही ते त्यात असतं. रूममेट ठरवताना घरात बंदूक आहे का, हे विचार, तिकडे या प्रश्नाचा कोणाला राग येऊ नये. आणि रेंजचं आमंत्रण आलं तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार.

आईला काय सांगायचं, ते मलाही अवघड वाटतंय. कदाचित एवढंच, की ज्यांनी हा कायदा आणला आणि जे त्याला विरोध करतात, त्या दोघांनाही हीच काळजी आहे: घरातून बाहेर पडलेलं माणूस संध्याकाळी परत यावं.

तुमच्या ओळखीत कोणी तिकडे निघालं असेल तर हा भाग त्यांना पाठवा. प्रश्न व्हॉइस नोटने नेहमीप्रमाणे येऊ द्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!